वेड्या राघूच्या मागची साडी

"पुढचा," हे म्हणाले.

मी बटण दाबलं. लॅपटॉपवर खंड्या पक्ष्याचा फोटो आला आणि आमचे हे, म्हणजे मधुकरराव, फ्रिजकडे तोंड करून त्याच्याविषयी बोलायला लागले. नवख्या माणसाला वाटलं असतं, बायकोवर रुसलेला नवरा फ्रिजजवळ गाऱ्हाणं सांगतोय. पण यांना हल्ली लॅपटॉप बघायचा असेल तर फ्रिजकडेच बघावं लागतं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कडा तेवढ्या शाबूत आहेत. ज्याच्यावर नजर रोखाल ते दिसणार नाही. बाजूला बघितलंत तर कडेनं काहीतरी कळेल. रंग कळेल, हललेलं कळेल. चेहरा कळणार नाही.

"पाठीवरचा निळा रंग पहा," हे फ्रिजला म्हणाले.

"निळा नाही जी. फिरोजी आहे तो."

"निळाच म्हणतात सारे."

"म्हणू द्या. फिरोजीले निळं अस्तर लावलं तर बाई ब्लाऊज तोंडावर फेकून जाईल."

रंगाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. मी ब्लाऊज शिवते. जवाहरनगरच्या क्वार्टरांतल्या बायकांच्या दोन पिढ्या माझ्या मशीनखालून गेल्यात. सासूचं माप घेतलं तसं सुनेचंही घेतलं. राणी कलर कुठला आणि साधा गुलाबी कुठला, चटणी कलर कुठे संपतो आणि मेंदी कुठे सुरू होतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. खंड्याचं फिरोजी अंग आणि चॉकलेटी डोकं ही जोडी मला तर फार आवडली. असं कापड कुणी घेऊन आलं असतं तर मी शिलाई दोन दिवस आधी दिली असती.

हा सगळा सराव शनिवारच्या भाषणासाठी चालला होता. भंडाऱ्यात पाणथळ पक्षीमित्र मंडळ म्हणून एक मंडळ आहे. दर महिन्याला एका शाळेच्या हॉलमध्ये ही मंडळी जमतात, कुणीतरी आपण काढलेले फोटो दाखवून पक्ष्यांविषयी बोलतं, मग चहा आणि आलुबोंडा. आमचे हे त्यातले जुने. नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणीच्या खात्यात झाली, पण भंडाऱ्यात त्यांची ओळख डोळ्यांसाठी. तलावाच्या पलीकडे ठिपका हलला की बाकीचे दुर्बीण काढेपर्यंत हे नाव सांगून मोकळे. 'मधुकररावांची नजर' असं तिथे म्हणायची पद्धतच पडली होती. कुणाला सुईत दोरा ओवता आला नाही तरी म्हणायचे, बोलवा मधुकररावांना.

डोळ्यांचं त्यांनी मंडळात कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तलावावर जाणं बंद झालं तेव्हा गुडघ्यांचं कारण पुढे केलं. गुडघे माझे दुखतात आणि रजा यांनी घेतली, अशी गंमत. मग मंडळाच्या अध्यक्षांचा, भैय्याजींचा फोन आला. भैय्याजी म्हणजे जुने ड्रॉइंग मास्तर, फार मायाळू माणूस. म्हणाले, गुडघे तलावावर लागतात, हॉलमध्ये कुठे लागतात, या महिन्यात तुमचंच भाषण. हे चक्क हो म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या शेजारच्या दाराकडे वळले.

"एक डाव बोलतो. मंग कॅमेरा मंडळाले देऊन टाकतो. पण मी तिथून मधुकरराव म्हणून निघणार, आंधळा म्हणून नाही. समजलं तुले?"

समजलं. आमची मनाली पुण्यात असते. ती फोनवर म्हणाली की बाबांनी सरळ सांगून टाकावं, त्यात काय लाज. तिला कसं सांगू? लाजेचा प्रश्न नव्हता. आयुष्यात या माणसाला लोकांनी एकाच गोष्टीसाठी मान दिला आणि नेमकी तीच गेली. निदान शेवटचा नमस्कार तरी त्याच मानानं व्हावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून आम्ही युक्ती केली. फोटोंचा क्रम यांनी पाठ करायचा, बटण मी दाबायचं. कुठल्या फोटोनंतर कुठला, कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, सगळं ठरलं. मी बोलायचं काहीच नाही. तसंही त्यांच्या पक्ष्यांच्या जगात मला कधी बोलू दिलं नव्हतं.

हो, राग होता मला, आणि तो कायले लपवू? फॅक्टरीत आपण काय करतो हे घरी सांगायचं नसतं, तसा तिथला नियम. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस सरकारचं गुपित आणि सातव्या दिवशी पक्ष्यांचं. मधे मी, डबा बांधायला. लग्न झालं त्या पहिल्या वर्षांत मी विचारायचे, मी येऊ का तलावावर? हे म्हणायचे, तू गप्प राहात नाहीस, पक्षी उडतात. बरं, गप्प राहीन म्हटलं, तर म्हणाले, तिथं मातकट कपडे लागतात, तुझी साडी तर पार मोहाडी गावावरून दिसते. तेव्हा माझ्याकडे राणी कलरची एक साडी होती, माहेरची. खरोखरच मोहाडीवरून दिसली असती. मला रंगाची हौस पहिल्यापासून, आणि नवऱ्याची हौस अशी की त्यात मी कुठल्याच रंगाची चालत नव्हते.

मग मी विचारणं सोडलं. पण वाट बघणं काही सोडलं नाही. दर आइतवारी उजाडताना हे स्कूटर काढायचे आणि मी दारात उभी. पायात चप्पल घालून उभी राहायचे. कुणी विचारलं असतं तर दूध आणायला निघाले म्हणून सांगितलं असतं. एखाद्या दिवशी वळणावर थांबून हा माणूस मागे बघेल आणि म्हणेल, चल. तेवढ्यासाठी ती चप्पल. स्कूटर वळायची, आवाज विरून जायचा, मी चप्पल काढून चहा ठेवायचे. इतकी वर्षं झाली, मनाली शिकली, नोकरीला लागली, क्वार्टर सोडून फाट्यावर घर बांधलं, तरी ती सवय गेली नाही. वेडेपणाच म्हणा, पण मला या माणसाबरोबर एकदा तरी त्या तलावावर उभं राहायचं होतं.

आता भाषणासाठी फोटो निवडायचे म्हणून त्यांचा सगळा साठा मीच उघडला. काय सांगू, हजारो फोटो. बगळे उडताना, बगळे बसलेले, बगळ्याची नुसती मान. दोन दिवस मी बघत होते आणि खरं सांगते, पक्ष्यांपेक्षा जास्त स्वतःला शोधत होते. मनालीच्या वाढदिवसाचे चार फोटो मिळाले. त्यांतही केक कापणारा हात माझा आणि डोकं चौकटीच्या बाहेर.

तेवढ्यात वेडा राघू आला. हा त्यांचा सगळ्यात नावाजलेला फोटो. इवलासा हिरवा पक्षी तारेवर बसलाय, चोचीत माशी, आणि त्याच्या मागे सगळीकडे धूसर, मऊ, लालसर गुलाबी रंग पसरलेला. मंडळाच्या कॅलेंडरवर तो छापून आला होता. लोक पक्ष्यापेक्षा मागच्या रंगाचंच कौतुक करायचे. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अजी, हा वेडा राघू कुठं काढला तुम्ही?"

"क्वार्टरच्या मागं. कपड्याच्या तारेवर बसला होता."

"अन् मागं हे काय आहे?"

"बोगनवेल आहे ना."

"आपल्या क्वार्टरले बोगनवेल होती कधी?"

मी सांगितलं, ही माझी राणी कलरची साडी आहे, दुसऱ्या तारेवर वाळत घातलेली. त्यांनी मान वळवली, फ्रिजकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. पडद्यावरचा तो गुलाबी डाग कुठून तरी पकडायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, पुढचा.

शनिवारी हॉल भरला होता. मंडळाचा सेक्रेटरी अतुल, मोहाडीला तहसील कचेरीत नोकरीला असतो, यांना गुरूच मानतो. त्यानं दारातूनच हात धरला आणि पायऱ्या चढवल्या. गुडघ्यांसाठी, असं समजून. मला बरंच वाटलं. भाषणासाठी त्यानं मोठ्या हौसेनं नवीन माईक आणला होता, शर्टाच्या कॉलरला अडकवायचा, करवंदाएवढा. तो त्यानं यांना लावला. मी टेबलाशी लॅपटॉपपुढे बसले, हे माझ्या शेजारी उभे राहिले.

आणि काय बोलले म्हणून सांगू. फॅक्टरीतल्या भोंग्यापासून सुरुवात केली. भोंगा वाजला की झाडावरच्या पोपटांचीही पाळी कशी बदलते ते सांगितलं. लोक पोट धरून हसले. मी बटण दाबत होते आणि हे खिडकीकडे बघत बोलत होते. लोकांना वाटलं, लाजरा माणूस आहे, डोळ्याला डोळा देत नाही. एकही फोटो चुकला नाही. मी त्यांची बायको, मलाही मधेच शंका आली की यांना दिसतंय की काय.

वेडा राघू पडद्यावर आला तेव्हा हॉलमधून नेहमीसारखा 'अहा' झाला. गुंजन नावाची कॉलेजातली एक मुलगी उठून म्हणाली, सर, मागची बोगनवेल किती छान आलीय.

पाठ केलेल्यात हे नव्हतं.

"बोगनवेल नाही ते. साडी आहे. घरच्यांची. वाळत घातली होती."

लोक हसले. काही जणांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बटणांकडे बघत राहिले. पुढचा फोटो आणायला मला जरा उशीर झाला.

शेवटचा फोटो झाला, टाळ्या झाल्या. माझ्या जिवात जीव आला. आता मंडळानं वक्त्याला रोपटं द्यायचं, आभार मानायचे आणि घरी. पण या मंडळाची एक रीत आहे, तिला ते 'ओळख' म्हणतात. भाषण संपल्यावर नवे मेंबर आपापले न ओळखू आलेले फोटो पडद्यावर टाकतात आणि वक्त्यानं पक्ष्याचं नाव सांगायचं. ही ओळख यांना चांगली माहीत होती. म्हणून त्यांनी भैय्याजींना आधीच सांगून ठेवलं होतं, या वेळी ओळख नको, वेळ पुरणार नाही. भैय्याजींनी मान्यही केलं होतं.

ते अतुलच्या कानापर्यंत गेलं नाही म्हणा, किंवा प्रेमापोटी त्यानं ऐकलं नाही म्हणा. तो उठला, म्हणाला, आज सरांची ओळख झाल्याशिवाय चहा नाही. आमच्या लॅपटॉपची वायर काढून त्यानं आपल्या लॅपटॉपला लावली. माझं बटण मेलं. पडद्यावर एक फोटो आला, लव्हाळ्यांमध्ये बसलेला एक लहानसा पक्षी.

"सर, हा मागच्या आठवड्यात तलावाच्या काठाले दिसला. आम्ही दोन दिवस पुस्तक पाहून राहिलो, जमत नाही."

हे खिडकीकडे बघू लागले. मग दाराकडे बघितलं. मग मान जराशी वर केली, जराशी खाली. मला माहीत होतं काय चाललंय. ते पडद्याला कडेनं पकडू बघत होते. हॉलमध्ये सगळे वाट बघत होते, कारण मधुकरराव इतका वेळ कधी घेत नसत.

"लहान पक्षी आहे," हे म्हणाले.

सगळे हसले. त्यांना वाटलं, सर गंमत करतात. मी मात्र यांच्या हाताकडे बघत होते. सदऱ्याची कड मुठीत धरलेली होती, मनालीच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर धरली होती तशी. मला राहवलं नाही. मी उठले, यांच्या कानाशी गेले आणि हळूच पुटपुटले,

"अजी, डावीकडे तोंड आहे. पाठ मातकट. भुवई पांढरी आहे. गळ्यात काळी पोत घातल्यासारखी."

आणि माझाच आवाज मला हॉलच्या चारी कोपऱ्यांतून ऐकू आला. मला आपलं वाटत होतं, माईक म्हणजे हातात धरायचा तो. कॉलरवरचं ते करवंद मी विसरूनच गेले होते.

हसणं थांबलं. अतुल आधी माझ्याकडे बघत राहिला, मग यांच्याकडे, मग यांची नजर जिकडे होती त्या रिकाम्या दाराकडे. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचीच दया आली. तो पुढे होऊन म्हणाला, सर, राहू द्या, बसा तुम्ही. वायर काढायला त्यानं हात घातला.

"थांब अतुल," हे म्हणाले. मग खिडकीकडेच बघत म्हणाले, "रत्नमाला, शेपटी सांग."

लग्न झाल्यापासून यांनी मला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. 'अवो' म्हणायचे, नाहीतर 'मनालीची आई'. हॉलच्या चारी कोपऱ्यांतून माझं नाव आलं आणि मी लपून पुटपुटायचं सोडून सरळ उभी राहिले.

"शेपटी मातकटच आहे. पण बुडाशी विटकरी. दोन्हीकडून, काठ लावल्यासारखी."

"पोतीच्या वर, गळ्याले निळं आहे का?"

"नाही. मळकट पांढरं आहे."

"मंग मादी आहे. शंकर पक्ष्याची मादी. नराच्या गळ्याले निळा असते, तो पाह्यला असता तर तुम्हीच ओळखला असता. हिवाळ्यात येते, होळीच्या आधी जाते." मग साध्या आवाजात म्हणाले, "माझे डोळे गेले. गुडघे चांगले आहेत. तुम्हाले खोटं सांगितलं, माफ करा."

टाळ्या झाल्या, नाही असं नाही. भैय्याजींनी रोपटं दिलं. यांनी गळ्यातली कॅमेऱ्याची बॅग काढून अतुलच्या हातात दिली. तो घेईना, तेव्हा त्याच्या छातीशी दाबून धरली. आणि मग चहा आला आणि ज्याची यांना धास्ती होती तेच सुरू झालं. सर, कप उजवीकडे आहे. सर, पुढं खुर्ची आहे, जपून. सर, आलुबोंडा गरम आहे हं. प्रत्येक जण हळू बोलत होता आणि जरुरीपेक्षा जास्त गोड बोलत होता. अर्ध्या तासापूर्वी याच लोकांनी यांच्या तोंडून पोपटांची पाळी ऐकली होती. मधुकरराव म्हणून निघायचं होतं, ते राहून गेलं. आणि ते माझ्या तोंडामुळे. तू गप्प राहात नाहीस, असं हा माणूस उगीच म्हणत नव्हता.

अतुलनं गाडीनं घरी सोडलं. घरी आल्यावर मी रोपटं मोरीजवळ ठेवलं, यांना पाणी दिलं आणि मग माझ्यानं राहवेना.

"माझ्यानं घात झाला तुमचा."

हे पाणी प्यायले. पेला खाली ठेवताना आधी टेबलाची कड बोटानं चाचपली.

"उद्या आइतवार आहे ना?"

"हो."

"काय काम आहे तुले?"

"दोन ब्लाऊज द्यायचे आहेत."

"सोमवारी दे जो," हे म्हणाले. "चल उद्या तलावावर."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. किती वर्षं या एका शब्दासाठी मी दारात चप्पल घालून उभी होते. तो आला, आणि असा आला. मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचाच संताप आला. डोळे होते तेव्हा म्हणाले असते तर यांचं काय गेलं असतं? मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मग कपाट उघडून सगळ्यात मातकट साडी शोधली. मेंदी कलरची एक मिळाली. ती इस्त्री करून खुर्चीवर ठेवली.

सकाळी एसटीनं तलावाच्या फाट्यापर्यंत गेलो, पुढे पायी. मला वाटलं होतं, यांना हात धरून न्यावं लागेल. पण तलावाची पाळ लागली आणि हेच पुढे झाले. इतक्या वर्षांची वाट, पायांनाच पाठ झालेली. मी मागून धडपडत होते आणि हे न बघता मला सांगत होते. इथं मोहाची मुळी वर आली आहे, जपून. इथं उतार आहे, हात दे. इथं मोरी आहे, पाणी वाहून राहिलं असंल तर डावीकडून ये. डोळे असलेली मी आणि रस्ता दाखवणारे हे. मोरीत पाणी वाहत होतं. मी डावीकडून गेले.

मग एका जागी हे थांबले. तलावावर धुकं होतं, शिंगाड्याच्या वेलांमधून काही काही हलत होतं.

"सांग," हे म्हणाले.

मी सांगू लागले. वेलांवर एक मोठा पक्षी चालतोय, गर्द वांगी कलर, ऊन पडलं की निळा मारतो, कपाळावर लाल. हे म्हणाले, जांभळी पाणकोंबडी, आजूबाजूला आणखी असतील. होत्या. पलीकडे पाण्यावर बदामी रंगाचा घोळका, उडाला की शिटी वाजते. ती शिटी त्यांनी माझ्या आधीच ऐकली होती. अडई बदकं, म्हणाले. मी बोलत होते आणि यांनी एकदाही गप्प बस म्हटलं नाही. माझा आवाज जरा मोठा झाला तर दोन बगळे उठून गेले, त्यावरही काही बोलले नाहीत. किती सुंदर जागा होती ती. एवढं सगळं इथे होतं आणि मी तिकडे दुधाचं निमित्त धरून दारात उभी होते.

सांगता सांगता माझं लक्ष गेलं, तर यांनी माझ्याकडे पाठ केल्यासारखं तोंड फिरवलेलं. नजर उजवीकडे, उघड्या पाण्यावर. तिथे ना वेल, ना पक्षी, नुसतं धुकं.

"तिकडं कायले पाहता जी? तिकडं काहीच नाही."

"तिकडं नाही पाहून राहिलो," हे म्हणाले.

त्यांच्या नजरेच्या कडेला मी उभी होते.

"काय नेसली तू आज? मले दिसत नाही. झाडासारखं दिसून राहिलं."

"मेंदी कलरची. इथं मातकट लागते ना."

"ती राघूच्या मागची का नाही नेसली?"

"ती कुठली आता. तिची पायपुसणी होऊन फाटली कधीची."



"मंग तशीच दुसरी घे. पुढल्या आइतवारी ती नेसून येजो. तो रंग दिसंल मले."

"पक्षी उडतील ना."

"उडू दे," हे म्हणाले.

त्यांनी मान अजून थोडी फिरवली, मग पुन्हा किंचित अलीकडे आणली. कॅमेरा असता तर तो धरायला हात जिथे गेले असते, तिथे छातीशी दोन्ही हात रिकामेच जुळले होते. मी पदर सारखा केला आणि ते सांगतील तोवर हलले नाही.